गायकरांच्या टाकीतलं काचफूल

जयदेव गायकरांचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता; माणसं त्यात ओघाने येत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते, आणि उभं आयुष्य त्यांनी एकच काम केलं होतं: समोरचा सांगतो ते खरं नाही असं धरून चालायचं आणि मग तपासायचं. पिंपावर ‘शुद्ध’ असं लिहिलेलं दिसलं की त्यांना आधी शंका येई. असा गुण संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर जमा करून घरी येता येत नाही. घरी ते दुधाचा वास घेत, भाजीवाल्याच्या पालकाची पानं उजेडात धरत, आणि लेकीने, रिद्धीने, “बाबा, मला एक मुलगा आवडलाय, राजस,” असं सांगितलं तेव्हा ‘सॅम्पल कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, पण रिद्धीला दिसलाच.

अशा माणसाने चिखलोलीच्या चौथ्या मजल्यावर हॉलमध्ये समुद्र पाळला होता. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं. आठवड्याने मेले की कोणीही टाकी रिकामी करून तीत कांदे ठेवतं. गायकरांची टाकी खाऱ्या पाण्याची होती. आरओच्या पाण्यात मोजून समुद्री मीठ विरघळवायचं, दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीतून खारटपणा बघायचा, सामू, म्हणजे पीएच, बघायचा, तापमान बघायचं. म्हणजे सुटीच्या दिवशीही कारखानाच. टाकीत दोन केशरी मासे होते, पण ते नावापुरते. गायकरांचा जीव होता मधल्या खडकावरच्या प्रवाळात. अंगठ्याच्या पेराएवढं आणलेलं ते मऊ, फिकट हिरवं पोवळं त्यांनी वाढवत वाढवत मुठीएवढं केलं होतं, आणि त्याला आता बोटांसारख्या फांद्या फुटल्या होत्या. दिवा लागला की त्या फांद्यांवर बारीक केसांसारखे तंतू उघडत. ते प्रवाळ कधी काही बोललं नव्हतं, त्यामुळे कधी खोटंही बोललं नव्हतं. गायकरांच्या ओळखीत असं दुसरं कोणी नव्हतं.

तर त्या टाकीत एक फूल आलं.

ते आधी त्यांच्या बायकोला, तुळशीला, दिसलं. “अय्या, दगडाला फूल आलं!” तपकिरी, पारदर्शक, काचेच्या धाग्यांचं केल्यासारखं, पाण्यात हलणारं. गायकरांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते समुद्रपुष्प होतं, आणि समुद्रपुष्पांतलंही गुंड जातीचं. शौकीन लोक त्याला नावानिशी ओळखतात आणि शिवी दिल्यासारखं उच्चारतात. गायकरांनी घरापुरतं त्याचं नाव काचफूल ठेवलं. ते शेजारच्याला डंख मारतं, जागा धरतं, आणि खडकावर पसरून प्रवाळ मारून टाकतं. ते दिसताक्षणी गायकरांनी जे केलं ते आजवर प्रत्येक शिकलेल्या माणसाने केलेलं आहे. त्यांनी ते ब्लेडने कापलं.

काचफुलाचा तळाचा कण जरी खडकाला चिकटून राहिला, तरी त्या कणाचं नवं फूल होतं. ही गोष्ट गायकरांनी कापल्यानंतर वाचली. पंधरवड्यात त्या जागी पोरंबाळं बसली होती.

तुळशी शांत बाई. ती भांडत नाही. ती अट घालते. “अहो,” ती म्हणाली, “राजसच्या घरचे घर बघायला येणार आहेत. बदलापूरहून. पहिल्यांदाच. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांना काय दिसणार? हे तण. आणि तणासमोर भिंग घेऊन बसलेले तुम्ही. ते यायच्या आत हे साफ झालं तर ठीक. नाही तर टाकी जाईल कॅम्प दोनच्या दुकानात परत. तिथे सोफा बसतो. मी टेपने मापलंय.”

मापलंय, हे ऐकून गायकर गार पडले. त्या घरात मापून केलेल्या गोष्टीला अपील नव्हतं.

पहिला संशय अर्थातच दुकानदारावर. उल्हासनगर कॅम्प दोनला, पडद्यांची दुकानं आणि मिक्सर दुरुस्तीवाले यांच्यामध्ये, हरेशभाईंचं माशांचं दुकान आहे. काचफूल आलं ते त्यांच्याच खडकावरून. गायकरांनी फोटो पुढे धरला. हरेशभाईंनी तो कौतुकाने पाहिला.

“वाह साईं, मस्त ग्रोथ है.”

“ही ग्रोथ नाही, ही कीड आहे. तुमच्या दगडावरून आली.”

“आपने दगड मागितला, मैने दगड दिया. बरोबर? फूल तो ऊपर से फ्री आया. फ्री च्या मालात कंप्लेंट कैसी, साईं?”

या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे हे गायकरांना जाणवत होतं, पण ती सापडेपर्यंत हरेशभाईंनी पिशवीत एक पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी घालून दिलीसुद्धा. “ही छोडून द्या. फूल चुनचुन के खाती. टाकी एकदम क्लिअर.”

गायकरांनी घरी येऊन वाचलं, तर तसल्या दिसणाऱ्या कोळंब्या दोन जातींच्या असतात. एक काचफूल खाते. दुसरी काचफुलाला नमस्कार करून प्रवाळ खाते. दुसरीच्या पाठीला उंचवटा असतो. आता कोळंबी जन्मतःच वाकलेली. तिची पाठ नेहमीपेक्षा जास्त वाकली आहे की तेवढीच, हे ठरवायला तिला सरळ उभी राहा असं सांगता येत नाही. गायकर जेवण टाकून तिच्या पाठीकडे बघत बसले. कोळंबी खडकामागे गेली. लपते आहे, म्हणजे नक्कीच दुसरी जात, असं त्यांनी धरलं.

दोन दिवसांनी वाळूवर कोळंबीचं रिकामं कवच पडलेलं दिसलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, आत काही नाही. गायकर स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांची आई, बनूबाई, मोरीशी बसून बोंबील साफ करत होती. बनूबाईंचं माहेर खाडीकडचं, बाप मिठागरावर. लग्न होऊन इकडे आली तेव्हा इथे भातशेती होती. आता त्याच शेतावर सी विंग उभी होती आणि ती तिच्या चौथ्या मजल्यावर राहत होती. समुद्रातून आलेल्या वस्तूंचे तिच्या लेखी दोनच प्रकार: कालवणाच्या आणि सुकवायच्या.

“आई, खरं सांग. कोळंबीला हात लावलास?”

“कंची कोलंबी? ती पाललेली?” बनूबाईंनी सुरी खाली ठेवली. “मी खाल्ली असती तं सालं परत टाकीन ठेवायला गेली असती काय रं? सालं मी झाराला घालतंय. आनि एका कोलंबीचं काय व्हतंय? दातांना तरी लागल काय ती?”

संध्याकाळी कोळंबी खडकामागून बाहेर आली. नवं कोरं अंग, जुनं टाकून दिलेलं. कोळंब्या कात टाकतात हे गायकरांना दहावीपासून माहीत होतं. आईची माफी मागावी असं त्यांना वाटलं, पण तोवर बनूबाईंनी ही हकीकत खालच्या मजल्यापर्यंत पोचवली होती. “माझा पोर माझ्या तोंडाचा वास घ्यायचा बाकी व्हता.”

मग आला चुना. काचफुलावर एक जालीम इलाज असा की खायच्या चुन्याचा घट्ट लगदा करायचा, सिरिंजमध्ये भरायचा आणि फुलाच्या तोंडावर हळूच सोडायचा. ते खाद्य समजून गिळतं आणि आतून भाजून निघतं. मात्र सगळ्या फुलांना एकाच दिवशी चुना घातला तर पाण्याचा सामू चढून मासे जातात. तेव्हा रोज थोडी फुलं मारायची. चुना नाक्यावरच्या पानवाल्याकडे मिळाला. गायकरांनी जन्मात पान खाल्लेलं नाही, त्यामुळे पानवाल्याने रोज चुना न्यायला येणाऱ्या या माणसाकडे आस्थेने पाहायला सुरुवात केली. सिरिंजचं जमेना. मेडिकलवाल्याने चष्म्यावरून पाहिलं.

“पेशंट कोण आहे?”

“पेशंट नाही. मारायचं आहे,” गायकर म्हणाले. ते नेहमी नेमकं बोलत.

सुईशिवायची सिरिंज अखेर मिळाली, पण दुकानात उभ्या असलेल्या दोन बायका सी विंगच्या होत्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: ‘सी विंगमधील एका सदनिकेत मीठ (गोणी), चुना व सिरिंज यांची आवक वाढल्याचे निदर्शनास आले आहे. सदस्यांनी सतर्क राहावे.’ खाली सेक्रेटरी मिलिंद सोनकांबळे यांची लफ्फेदार सही. सोनकांबळे समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, टापटिपीचे, आणि सूचना लिहिण्याची हौस दांडगी. सूचना लावून ते तिची खातरजमा करायला स्वतः आले.

“जय भीम, गायकर साहेब.”

“जय भीम. या, बसा.”

सोनकांबळे बसले नाहीत. त्यांनी टाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली. “मी उपविधी चाळले. कुत्रा आहे. मांजर आहे. पक्षी आहे. समुद्र नाही.”

“मग बंदीही नाही.”

“परवानगीही नाही.” ते खाली वाकले. “हे पाणी सोसायटीच्या गटारात जातं?”

“थोडं. मीठच आहे.”

“आणि चुना?”

“पानातला आहे, साहेब. तुमच्या घरीही असेल.”

“आमच्या घरी पान खात नाहीत,” सोनकांबळे दुखावून म्हणाले. दाराशी त्यांच्या पत्नी अस्मिताताई उभ्या होत्या. त्या फक्त फुलांकडे बघत होत्या. एवढ्या टक लावून बघत होत्या की गायकरांनी मनातल्या मनात त्यांनाही संशयितांत घातलं. मग विषय राहून गेला. ही चूक झाली.

चुना मात्र खरा उतरला. ज्या फुलावर लगदा पडे ते आखडून, विरघळून जाई, पुन्हा उगवत नसे. गायकरांनी पाच-सहा दिवस मन लावून कत्तल केली, आणि सातव्या दिवशी टाकीसमोर बसले तेव्हा फुलं आधीपेक्षा जास्त होती.

नवी फुलं भलत्याच जागी होती. पुढच्या काचेपाशी. हात सहज पोचेल अशा खडकाच्या कडेला. आणि एक मोठं फूल, जे काल अख्खं होतं, ते आज अर्धं होतं. फाटलेलं नव्हतं. कापलेलं होतं. धारदार, सरळ. गायकरांनी ती कड भिंगाखाली दोनदा पाहिली. मासा असं कापत नाही. कोळंबीजवळ कात्री नसते.

त्यात पाणी कमी होऊ लागलं. आता टाकीतलं पाणी रोज उडतंच. पण पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं. म्हणून तर वरून साधं आरओचं पाणी घालून पातळी भरायची असते. गायकरांनी नळीतून पाहिलं. पातळी खाली, आणि खारटपणा होता तेवढाच. त्यांनी नळी पुसली आणि परत पाहिलं. तेवढाच. याचा अर्थ एकच: पाणी उडालेलं नव्हतं. मिठासकट कोणीतरी नेलेलं होतं.

या निष्कर्षाने ते इतके आनंदले की घरात चोर आहे ही गोष्ट त्यांच्या थोडी उशिरा लक्षात आली.

कोण? हरेशभाई? फुलं वाढली की कोळंब्या खपतात. पण त्यासाठी ते कॅम्प दोनचं दुकान सोडून चिखलोलीला येतील असं वाटेना. सोनकांबळे? पाण्याचा नमुना तपासायला पाठवत असतील? हे शक्य होतं. गायकरांनी त्यांच्या जागी तेच केलं असतं. राहता राहिली ती व्यक्ती जिला टाकी गेलेली हवी होती, जी दिवसभर घरात होती, आणि जिने टेपने माप घेतलं होतं.

रात्रीच्या जेवणात गायकरांनी आमटीत बोट बुडवून विषय काढला. “तुळशी, आपल्याकडे कात्र्या किती आहेत?”

“का?”

“असंच.”

तुळशीने ताटावरून मान वर केली. बावीस वर्षांच्या संसारात ‘असंच’ हा शब्द या माणसाने कधीही असंच वापरलेला नव्हता. “तुम्हाला वाटतंय मी ती फुलं कापून वाढवतेय?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मला टाकी घालवायची असती तर मी प्लग काढला असता. एका बोटाचं काम आहे. कात्री कशाला घेऊ?” ती उठली. “आणि आमटीत बोट घालू नका. माझ्या स्वयंपाकाचा सामू बरोबर आहे.”

त्या रात्रीपासून तुळशी त्यांच्याशी फक्त सोफ्याबद्दल बोलू लागली. राखाडी चांगला की मरून. बदलापूरची मंडळी येत्या रविवारी येणार होती. गायकर टाकीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांना दिसलं, एक काचफूल हिरव्या प्रवाळाच्या पायथ्याशी येऊन बसलं होतं आणि त्या बाजूच्या फांदीचे तंतू मिटून गेले होते.

शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाले, शेअर रिक्षाने एमआयडीसीपर्यंत गेले, अर्धी रजा टाकली आणि परत आले. तुळशी बाजारात होती. बनूबाई गॅलरीत वाल सोलत होती. गायकर चावीने दार उघडून चोरपावलांनी बेडरूममध्ये शिरले आणि दाराला फट ठेवून पडद्यामागे उभे राहिले. स्वतःच्याच घरात, बुटांसकट, डबा छातीशी धरून.

थोड्या वेळाने बेल वाजली. बनूबाईंनी दार उघडलं. अस्मिताताई होत्या. हातात बरणी.

“आजी, जेवलात?”

“जेवली बाय. ये.”

“परवाची पण गेली हो. पाण्यात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत शेंबडासारखी झाली.”

“तुना बोल्ली व्हती ना, नलाचा पानी चालाचा नाय. खाऱ्या पान्यातली गो ती. टाकीतलाच पानी घे.”

“पण आजी, असं हातात दिलेलं लागत नाही. मनी प्लांट बघा, मागून आणलेला कधी वाढतो? चोरूनच लावावा लागतो. आम्ही अंधश्रद्धा वगैरे मानत नाही हां. पण हे झाडांचं शास्त्र आहे.”

“तं मी कुठं हातात देतंय?” बनूबाई म्हणाली, आणि मग गायकरांनी जे पाहिलं ते त्यांनी पुढे कारखान्यात कोणालाही सांगितलं नाही. त्यांची आई उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मोठ्याने म्हणाली, “मी तं बाय आता भित बघतंय. भितीवर काय काय हाय ते बघतंय. मना मागचा काय दिसत नाय.”

अस्मिताताईंनी पदर खोचला, पर्समधून कात्री काढली, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि कच्चकन काचफुलाचा वरचा भाग कापला. तळ खडकालाच राहिला. कात्री झटकली, त्यातून चार कण उडाले आणि पाण्याबरोबर काचेपर्यंत गेले. मग त्यांनी बरणी बुडवून टाकीचं पाणी भरून घेतलं.

“झाला का गो?”

“झालं, आजी.”

“माझी नजर अजून भितीवर हाय. बी विंगची यायची हाय, तिला जरा मोठासा ठेव.”

बी विंगची! गायकरांच्या हातून डबा सुटला. तो स्टीलचा होता. दार आपसूक उघडलं आणि पडदा अंगावर घेऊन ते प्रकट झाले. बनूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. ती शब्दाची पक्की होती.

बरणी छातीशी धरून अस्मिताताई उभ्या राहिल्या. गायकरांना वाटलं, आता ही बाई शरमेने मान खाली घालेल. पण अस्मिताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कारणाने.

“काय हे गायकरभाऊ! बघितलंत तुम्ही? आता ही पण लागायची नाही!”

त्यापुढचा अर्धा तास गायकरांनी आपल्या हॉलमध्ये, आपल्या टाकीपुढे, आपल्याच चोराची समजूत काढण्यात घालवला. हे झाड नाही, हा प्राणी आहे. ही कीड आहे. तुम्ही एक कापता आणि माझ्याकडे पाच होतात. अस्मिताताईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे वाढतंय ना?” त्या म्हणाल्या. “मग दगडाला फूल आलं की घर भरभराटतं, असं लोक म्हणतात ते खोटं काय?” आणि गायकरांना पहिल्यांदाच असं झालं की पुराव्याने समोरचीच बाजू भक्कम होत होती.

तरी त्या बाई मानी होत्या. यापुढे सी विंगमधलं कोणी टाकीला हात लावणार नाही असा शब्द त्यांनी दिला, बी विंगलाही निरोप पाठवला. त्याच संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली: ‘सदस्यांनी परस्परांच्या समुद्रातून काहीही नेऊ नये.’ सोनकांबळ्यांनी सही केली होती, पण त्यांच्या गॅलरीतली काचेची बरणी काही त्यांनी हलवली नव्हती. ती गायकरांना खिडकीतून स्पष्ट दिसत होती.

कापणं थांबलं तसा चुना लागू पडला. शनिवारी संध्याकाळपर्यंत टाकीत एकच फूल शिल्लक होतं, प्रवाळाच्या पायथ्याशी, इतकं चिकटून की चुना सोडला तर प्रवाळही भाजायचं. गायकरांनी ते सोडून दिलं. तुळशीने एवढ्या जवळून पाहिलं की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली.

“एक आहे.”

“एकच आहे.”

“उद्या बघू,” ती म्हणाली. सोफ्याचा टेप अजून टीव्हीवर पडलेला होता.

रविवारी मंडळी आली. राजस, त्याचे वडील आणि त्याची आई, मीनलताई. राजस मुलगा साधा दिसत होता. गायकरांनी ती गोष्ट लगेच संशयास्पद धरली. त्यांनी त्याला पाण्याचा उत्कलनबिंदू विचारला. राजस म्हणाला, “काका, कुठल्या दाबाला?” गायकरांनी त्याला आणखी एक पोह्यांची बशी दिली.

मीनलताई सगळं घर बघत बघत टाकीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. मदतीला म्हणून बोलावलेल्या अस्मिताताई त्यांच्या कानाशी लागल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण मीनलताईंनी “अगबाई, हो?” म्हटलं आणि पर्सची चेन हळूच उघडली ते मात्र ऐकू आलं.

मग अस्मिताताईंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. बनूबाईंनी भिंत धरली. तुळशी आणि रिद्धी चहाचे कप मोजायला वळल्या. राजस आणि त्याचे वडील, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तेही सगळे वळले म्हणून वळले. टाकीकडे तोंड करून उभा होता तो एकटा जयदेव गायकर.

तुळशीचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. “अहो. पंखा बघा.”

गायकरांच्या मनात लढाई झाली. ही बाई आपल्या लेकीची सासू होणार. तिला हटकावं, तर स्थळ जातं आणि टाकीही. न हटकावं, तर काय जातं? एकच काचफूल! तेही शेवटचं! थोडा तळ राहिला तर पुढे बघता येईल. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणी चोरी करावी असं मनापासून वाटलं. त्यांनी मान वर केली आणि पंख्याचं निरीक्षण सुरू केलं. पंख्यावर धूळ होती. मागे पाण्यात हात गेल्याचा आवाज आला. कच्च.

सगळे पुन्हा वळले. मीनलताई ओला रुमाल पर्समध्ये ठेवत होत्या. “फार छान घर आहे,” त्या म्हणाल्या, आणि तुळशीच्या हातावर हात ठेवून, “आमच्याकडून हो समजा.”

पेढे झाले, पाया पडणं झालं, लिफ्टपर्यंत पोचवणं झालं. दार लावून गायकर आनंदाने टाकीकडे वळले.

काचफूल जागच्या जागी डुलत होतं. प्रवाळाची सगळ्यात मोठी फांदी बुंध्यापासून गायब होती.

“आरं, ती कशी नेईल ते बारकं फूल?” बनूबाई म्हणाली. “मोठ्या घरची बाय ती. मोठाच नेल.”

गायकरांना हे ऐकू आलं नाही. ते हिशेब करत होते. ओल्या रुमालात ती फांदी घरी पोचेपर्यंत तग धरेल. मग मीनलताई ती नळाच्या पाण्यात ठेवतील, पाणी तिच्या अंगात शिरेल, ती फुगेल आणि मरेल. त्यांनी बादली शोधली नाही, कपडे बदलले नाहीत. पाण्याचा रिकामा कॅन टाकीत बुडवून भरला आणि पायऱ्यांनी उतरले. बदलापूरला जाणारा रिक्षावाला म्हणाला, “साहेब, गळतंय. काय आहे?” “समुद्र,” गायकर म्हणाले. “चला.”

राजसने दार उघडलं तेव्हा मीनलताई आत तांब्या घेऊन नळाखाली धरत होत्या. नळ चालू होता. ओट्यावर रुमाल होता.

“काका! काय झालं? काही विसरलं का?”

इथे गायकरांच्या ध्यानात आलं की आपण काय बोलायचं याचा विचार केलेला नाही. फांदी द्या, असं म्हणावं तर विहिणीला चोर ठरवल्यासारखं. पाण्यात ठेवू नका म्हणावं, तर आपण बघितलं असं कबूल होतं. आणि बघितलं की ती लागत नाही, हे त्यांना अस्मिताताईंनी बजावलेलं होतं. त्यांचा या शास्त्रावर विश्वास नव्हता. पण त्या क्षणी धोका पत्करण्याची त्यांची तयारीही नव्हती.

“काही नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “जात होतो इकडून. म्हटलं, तुम्हाला खारं पाणी लागेल.”

मीनलताईंनी नळ बंद केला. “कशाला?”

“असंच.”

दोघं एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले. राजस एकदा आईकडे, एकदा कॅनकडे बघत होता. मग मीनलताईंनी तांब्यातलं पाणी सावकाश मोरीत ओतलं.

“लागतं कधीकधी,” त्या म्हणाल्या. “ठेवा तिथे ओट्यावर. मी जरा देवघरातलं निरांजन बघून येते.”

गायकरांनी तांब्या बाजूला सारून काचेचं भांडं घेतलं, कॅनमधलं पाणी ओतलं, आणि रुमाल हलकेच त्याच्या शेजारी सरकवला. रुमाल उघडला नाही. तेवढी सचोटी त्यांनी पाळली.

घरी तुळशी दारातच उभी होती. सगळं ऐकून तिने टीव्हीवरचा टेप उचलला आणि गुंडाळून कपाटात टाकला.

“सोफा?” गायकरांनी भीत भीत विचारलं.

“लेकीच्या सासरी जिची फांदी गेली ती टाकी विकतात का कुठे? काय म्हणतील ते लोक?” ती आत गेली आणि पुन्हा बाहेर डोकावली. “आणि कात्र्या दोन आहेत. विचारत होतात ना.”

बदलापूरला छोटी टाकी लागली. दर रविवारी गायकर नळी घेऊन जातात, खारटपणा बघतात, पोहे खातात. फांदी खडकाला धरली आहे. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मीनलताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“व्याहीबुवा, चमत्कार झाला! फांदीच्या बुडाशी एक फूल आलंय. तपकिरी, काचेसारखं. पाण्यात हलतं नुसतं. शुभ असतं ना हो?”

गायकरांनी समोर पाहिलं. लग्नपत्रिकेचा मजकूर वाचत बसलेली तुळशी थांबून त्यांच्याकडे बघत होती. आजवर एकही पिंप त्यांनी न तपासता पास केलं नव्हतं.

“हो, विहीणबाई,” ते म्हणाले. “शुभच.”